मुलाचे व्हायोलिन : वाढत्या अंगाचे घेऊ नका

कापडाच्या धंद्यात आमचे केस पांढरे झाले. वाढत्या मुलाला कपडा दोन बोटे मोठाच घ्यावा, हे गिऱ्हाइकांना जन्मभर सांगत आलो. हीच अक्कल नातीच्या व्हायोलिनला लावली आणि फसलो.

नात सात वर्षांची. आम्ही मुंबईहून पूर्ण मापाचे वाद्य आणले. पेटी, गज, राळ धरून साडेचार हजार. एकदाच खर्च, असा हिशेब. पोरीचा हात टोकापर्यंत पोहोचेना, मान दुखू लागली. महिन्याभरात पेटी पलंगाखाली गेली. आम्ही पोरीला आळशी ठरवून मोकळे झालो. मास्तर हसून म्हणाले, "शेठ, चूक नातीची नाही, आजोबांची आहे."

व्हायोलिन पाव, अर्धे, पाऊण, पूर्ण अशा मापांत येते. अगदी लहानांसाठी १/८ आणि १/१६ सुद्धा. ही नावे शब्दशः घेऊ नयेत. पूर्ण मापाचा सांगाडा सुमारे १४ इंच, तर अर्ध्याचा साडेबारापर्यंत आणि पावाचा ११ च्या आसपास. वय विचारून माप देणाऱ्या दुकानदारावर विसंबू नका, मुलाला सोबत न्या. वाद्य खांद्यावर ठेवून डावा हात पुढे करायला लावा. वाद्याचे टोक तळहातात आले आणि कोपर थोडे वाकलेले राहिले, तर माप बरोबर. आपल्याकडे पुष्कळ जण मांडी घालून, टोक पायावर टेकवून वाजवतात. तेव्हा बैठक कोणती ते गुरूला आधी विचारावे.

स्वस्त मालात चकाकी पाहू नये. चांगल्या वाद्याची वरची फळी स्प्रूसची, पाठ मेपलची असते. बोटे फिरतात ती काळी पट्टी आबनुसाची हवी; स्वस्तात साध्या लाकडाला काळा रंग दिलेला असतो, कच्च्या रंगाच्या कापडासारखा तो पुढे उतरतो. खुंट्या घसरत असतील तर सूर टिकत नाही. घोडी उंच असेल तर तार दाबताना कोवळी बोटे सोलतात. पोटात एक बारीक काठी उभी असते, ती चिकटवलेली नसते, नुसत्या दाबावर टिकते. म्हणून चारही तारा एकदम काढू नयेत. वाद्य हलवून आत काही खुळखुळते का ते ऐकावे.

स्वस्त मालात चीनचा भरणा मोठा. जियांगसू प्रांतातले हुआंगचिआओ हे गाव त्याच कामासाठी प्रसिद्ध. पण उत्तर प्रदेशातील रामपूरलाही कित्येक दशके व्हायोलिने बनतात आणि त्या हुनरात आपले मुसलमान कारागीर मोठ्या संख्येने आहेत. चिनी मालाने त्यांचे जे केले, ते यंत्रमागाने हातमागाचे केले तेच. आम्ही स्वतः त्याच यंत्रमागाचा माल विकतो, तेव्हा जास्त बोलत नाही. एवढेच की, दुकानात रामपूरचे आहे का, असे एकदा विचारायला पैसे पडत नाहीत.

शेवटी मास्तरांच्या एका जुन्या शिष्याचे पाव मापाचे, वापरलेले वाद्य दोन हजारांत घेतले. घोडी घासून बसवून घेतली, नवी तार टाकली. नात पुन्हा बसू लागली. माप वाढले की हेच पुढच्या पोराला जाईल.

मोठे व्हायोलिन दुकानाच्या वरच्या फळीवर थानांशेजारी आहे. नातीला ते पेलायला अजून चार-पाच वर्षे आहेत. तोवर धूळ झटकतो आणि तारा किंचित सैल ठेवतो.