गरिबीचं खापर कुणावर?

शेतकऱ्याच्या कर्जाचा विषय निघाला की इथं संभाजीनगरातही आपल्यातलंच कुणीतरी म्हणतं, "लग्नात उधळतात हो." हे कारण जुनंच. हक्कांचा तत्त्वज्ञ म्हणून आपण शिकलेला जॉन लॉक १६९७ च्या अहवालात गरिबीचं खापर ढिल्या शिस्तीवर फोडतो. तीन वर्षांवरची गरीब मुलंसुद्धा त्याला कामाच्या शाळेत हवीत! बरोबर शंभर वर्षांनी टॉमस पेन उलटं सांगतो: जमीन मुळात सगळ्यांची, ती खासगी झाली आणि गरिबी आली, म्हणून एकविशी गाठलेल्या प्रत्येकाला १५ पौंड द्या. दान नव्हे बरं का, भरपाई. याच पेनचा मानवी हक्कांवरचा ग्रंथ जोतीराव फुल्यांनी वाचला होता. १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लग्नखर्चाचा हा आरोप ते खोडतात आणि सारा, सावकार, कचेरीतली लाच यांचा हिशेब मांडतात.