कोळी नव्हे, विषारीही नव्हे

गेल्या उन्हाळ्यात मी आत्याकडे बार्शीला गेलो होतो. रात्री ओसरीवरच्या दिव्याखाली बोटाएवढा, पिवळसर, केसाळ प्राणी भरधाव धावत आला. “विषारी कोळी!” असे मीच ओरडलो आणि आतेभावाने चप्पल हाणली. मेल्यावर पाय मोजले, तर दहा भरले! पेणला परतल्यावर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शोध घेतला, तेव्हा कळले की माझ्या त्या दोन शब्दांपैकी एकही खरा नव्हता.

त्या प्राण्याला उंटकोळी म्हणतात. त्याच्या गणाचे शास्त्रीय नाव सॉलिफ्यूगी, म्हणजे उन्हापासून पळणारे. कोळी, विंचू, गोचीड आणि उंटकोळी ही सारी अष्टपाद वर्गातली चुलतभावंडे. पण प्रत्येकाचे घराणे निराळे. खऱ्या कोळ्याची कंबर बारीक, पोट अखंड, आणि तो धागा काढतो. उंटकोळ्याला ना तशी कंबर, ना धागा. त्याच्या पोटावर वलये असतात. पायही आठच. पुढची लांब जोडी पायांची नसून चाचपण्याची व भक्ष्य धरण्याची आहे. तिच्या टोकाला चिकटणारा भाग असतो. धरलेले भक्ष्य तो तोंडापुढच्या दोन भक्कम चिमट्यांनी चिरडतो. तो विषारी असल्याचे सिद्ध झालेले नाही. मोठा उंटकोळी चावला तर दुखते, एवढेच. वाळवी व इतर किडे हे त्याचे खाद्य. दिवसा तो माणसामागे लागल्यासारखा वाटतो, तेव्हा बिचारा आपली सावली शोधत असतो!

हा कोरड्या मुलखातला प्राणी. पेण-रोह्याच्या आमच्या पावसाळी खलाटीत तो माझ्या पाहण्यात आलेला नाही. येथे त्याचा भाऊबंद विंचू मात्र कौलांत, सरपणात, बांधावरच्या दगडांखाली हटकून भेटतो. तेथेही आपले डोळे फसतात. काळ्या, थोराड इंगळीला आपण अधिक भितो; पण खरा जीवघेणा ठरतो तो लहानसा लाल विंचू. त्याच्या विषाने रक्तदाब भडकतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साठते. आपल्याच जिल्ह्यात, महाड परिसरात, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला आणि १९८० च्या दशकात रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरले. त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा मित्रहो, रूपावरून विष ठरवू नये. विंचू चावला तर मंत्र-उताऱ्यात वेळ न दवडता तडक दवाखाना गाठावा; आणि उंटकोळी दिसला तर त्याला वाट द्यावी. बार्शीच्या ओसरीवर मेला तो निरपराध होता. चप्पल आतेभावाची असली, तरी खोटी साक्ष माझी होती.