तळ्यातील माशाची पेंड कुठली?

भिलाईला पोलाद कारखाना उभारण्याचे ठरले, त्यामागे एक साधा हिशेब होता: दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज जवळ होते. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, तेव्हा हा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात मोडत असे. कच्चा माल जिथे, तिथे उद्योग, हे त्या काळच्या नियोजनाचे सूत्र दुर्ग-भिलाई परिसरातील मत्स्यखाद्यालाही लावून पाहावे, असे मला वाटते.

मत्स्यखाद्यात सागरी माशांच्या भुकटीऐवजी वनस्पतिजन्य प्रथिने वापरावीत, असा विचार जगभर बळावत आहे. छत्तीसगडच्या तळ्यांतील रोहू, कटला आणि मृगळ मात्र पूर्वापार भाताच्या कोंड्यावर आणि तेलबियांच्या पेंडीवरच पोसले गेले. येथे खरा प्रश्न कोणती वनस्पती, आणि ती कुठून आणायची, हा आहे.

कारखान्यात बनणाऱ्या गोळीखाद्याचा भर सोयापेंडीवर असतो. तिच्यात सुमारे ४५ टक्के प्रथिने असतात; पण कुक्कुटपालनही तिच्यावरच अवलंबून आहे. २०२१ मध्ये भाव भडकताच केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीला परवानगी दिली आणि त्याचे पडसाद विदर्भ-मराठवाड्यात उमटले. मत्स्यशेतीची मागणी वाढेल तसा हा ताण वाढणार. याउलट, धानाच्या या मुलुखात गिरण्यांचा कोंडा हाताशी आहे.

अर्थात, स्थानिक म्हणजे निर्धोक नव्हे. मोहाची पेंड तळ्यात टाकतात ती नको असलेले मासे मारण्यासाठी. सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते. कोंड्यातील बराचसा फॉस्फरस माशाला पचत नाही. तो पाण्यात उतरतो, शेवाळ माजवतो. त्याच गावतळ्यात माणसे आंघोळ करतात, गुरे पाणी पितात.

पोत्यावर छापलेली प्रथिनांची टक्केवारी नायट्रोजनच्या मोजणीवरून काढलेली असते. त्यातले पचणारे किती, हे ती सांगत नाही. युरियाची भेसळही त्या आकड्यात प्रथिन म्हणून खपून जाते. तळे ठेक्याने घेणाऱ्या सहकारी संस्थेला हा फसवा आकडा वर्षभराच्या उत्पन्नाला मुकवू शकतो.

२०२० च्या पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेतून खाद्यगिरण्यांना साहाय्य मिळते. त्याला दोन अटी जोडाव्यात: पोत्यावर घटकांची आणि पचनीय प्रथिनांची नोंद, तसेच मत्स्यसंस्थांना परवडणारी तपासणी. रेल्वेचे रूळ पारखून देणाऱ्या शहराच्या परिसरात पेंडीचे पोते पारखणे अवघड नसावे.