जागा, प्रकार आणि नाव

'बैल चारा खातो' म्हटले काय, की 'चारा बैल खातो' म्हटले काय, ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. चारा कोणाला खात नाही, हे त्यास ठाऊक असते. परंतु जत्रेच्या फडात रामा आणि गोविंदा यांची कुस्ती लागली, तर नुसत्या ठाऊक असण्याने भागत नाही, दोघेही पैलवानच. तेथे 'गोविंदाला रामा पाडतो' असे म्हणावे लागते. शब्द मागेपुढे करा, तो 'ला' कोण पडला हे सांगतोच. याच जिल्ह्यात नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ओवीत शब्दांचा क्रम बदलला तरी अर्थ ढळत नाही, तो विभक्तीच्या या बळावरच.

ही व्याकरणाची गोष्ट आम्ही संगणकाच्या भाषांविषयी बोलताना का काढली, असे कोणी विचारील. कारण तेथेही नेमका हाच प्रश्न आहे.

संगणकाच्या भाषेत एखादे ठरीव काम एका नावाखाली बांधून ठेवतात. त्यास फंक्शन म्हणतात. त्याला हाक मारताना लागणारी सामग्री कंसात द्यायची असते, आणि सामान्यतः ती क्रमाने द्यायची असते. समजा, एखाद्या पतसंस्थेच्या संगणकात 'रक्कम वळवा' असे फंक्शन आहे. पहिल्या जागी पैसे ज्यातून काढायचे ते खाते, दुसऱ्या जागी ज्यात भरायचे ते खाते, तिसऱ्या जागी रक्कम.

काही भाषांत प्रत्येक मूल्याचा प्रकार काम सुरू होण्यापूर्वीच निश्चित होतो. कंपायलर नावाची व्यवस्था सर्व मजकूर आधी तपासते आणि खात्याच्या जागी रक्कम आढळली, तर काम पुढे जाऊच देत नाही. हा पहारा फार मोलाचा आहे. बैल आणि चारा यांतला भेद तो ओळखतो. परंतु दोन खाती उलटसुलट पडली तर? दोन्ही खातीच! पहारेकरी स्वस्थ राहतो, आणि सभासदाला मिळायचे उसाचे पैसे त्याच्याच खात्यातून कापले जातात.

यावर उपाय आपल्या कीर्दखतावणीत पूर्वीपासून आहे: 'जमा' आणि 'नावे'. फंक्शनला हाक मारतानाच 'नावे: संस्थेचे खाते, जमा: सभासदाचे खाते' असे लिहावे. मग क्रम कोणताही असो, गफलतीला जागा फार थोडी उरते, आणि पुढे तो मजकूर वाचणाऱ्यासही अर्थ कळतो. कंपायलर ही नावे वाचून प्रत्येक वस्तू तिच्या जागी आधीच लावून ठेवतो; त्यामुळे प्रत्यक्ष काम चालताना त्यासाठी वेगळा वेळ जात नाही.

कोणी म्हणेल, प्रकारच अधिक बारीक का करू नयेत? काही ठिकाणी करावेतच. आपले नगर, ज्याचे अधिकृत नाव २०२४ पासून अहिल्यानगर आहे, सुमारे १९.१ अंश उत्तर अक्षांशावर व ७४.७ अंश पूर्व रेखांशावर आहे. हे दोन आकडे उलटे दिले, तर संगणक आपणांस नॉर्वेच्या बेअर बेटाजवळ, आर्क्टिक समुद्रात नेऊन सोडील. कारण दोन्ही नुसते आकडे. अक्षांश आणि रेखांश हे वेगळे प्रकार केले, तर ही चूक अडते. पण खात्यांचे तसे नाही. आज जे 'नावे' पडले, ते उद्या 'जमा' होईल. वस्तू काय आहे, हे प्रकार सांगतो. या कामात तिची भूमिका कोणती, हे नाव सांगते. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

ही सोय नवी नव्हे. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी रचलेल्या, १९८३ साली प्रमाणित झालेल्या एडा भाषेत ती होती. सी शार्पमध्ये ती २०१० साली आली; २०१४ च्या स्विफ्टमध्ये आणि २०१६ साली पक्क्या रूपात आलेल्या कोटलिनमध्येही ती आहे. जावासारख्या अतिप्रचलित भाषेत मात्र ती नाही.

या सोयीची किंमतही आहे. नाव एकदा बाहेर दिले, की तो करार होतो. गावाचे नाव बदलले, तरी जुन्या नावाचे पत्र पोस्टमन ओळखून पोचवू शकतो. कंपायलर असा समजूतदार नसतो. 'नावे'चे 'खर्ची' केले, की जुने नाव वापरणारा सारा मजकूर तो नाकारतो. म्हणून स्विफ्टने बाहेरचे नाव आणि घरातले नाव वेगळे ठेवण्याची मुभा दिली. तसेच, फंक्शनच दुसऱ्याच्या हाती सोपवले, तर ही नावे त्याच्याबरोबर जावीत काय? ओकॅमल भाषेत नाव हा प्रकाराचाच भाग मानतात. स्विफ्टने २०१६ साली ते प्रकारातून काढून टाकले. जाणत्यांतही येथे मतभेद आहे.

तथापि सामान्य नागरिकाच्या दृष्टीने आमचे म्हणणे इतकेच: ज्या यंत्रावर आपले पैसे, जमिनीचे उतारे आणि औषधांची मात्रा सोपवली आहे, त्याला सांगताना केवळ क्रमावर विसंबू नये. पैसे भरण्याच्या चिठ्ठीवर आपण रकान्याचे नाव वाचूनच आकडा लिहितो. तीच सावधगिरी यंत्राशी बोलतानाही हवी.