नौकेचे इंजिन बदलताना

वाराणसीच्या अहिल्याबाई घाटावर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे स्मरण होते, तशीच समोरच्या गंगेतील नौकांची वर्दळही नजरेत भरते. येथील डिझेल नौकांना सीएनजी इंजिन बसविण्याचा उपक्रम ‘गेल’च्या साहाय्याने २०२१ मध्ये सुरू झाला. नमो घाटावर तरंगते सीएनजी केंद्रही उभे राहिले.

डिझेल दाबाच्या उष्णतेने पेटते. सीएनजीला ठिणगी लागते. त्यामुळे नुसती टाकी बदलून भागत नाही, इंजिनही बदलावे लागते. सुमारे २०० बार दाबाने वायू साठविणारे सिलिंडर जड असतात; ते एकाच बाजूस बसविल्यास नौकेचा तोल ढळतो.

मग स्वयंपाकाचा गॅस का नको? तो हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास नौकेच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने भडकू शकतो. सीएनजी हवेपेक्षा हलका. तो वर निघून जातो. मात्र सिलिंडरचा कप्पा बंदिस्त नसावा.

नावाड्याच्या घरची चूल नौकेवरच पेटते. म्हणून नौकेवर कर्ज वा विमा असल्यास बदलापूर्वी बँकेस व विमा कंपनीस लेखी कळवावे. इंजिन नवे आणि कागद जुने राहिल्यास अपघातानंतर दावा अडकू शकतो.