टोमॅटोच्या पानातली अळी : नागअळी की टुटा?



आपल्या कार्यक्षेत्रात खोडवा मोडला की बेवडासाठी म्हणा, हाती रोकड येण्यासाठी म्हणा, एकर-अर्धा एकर टोमॅटो लावण्याची पद्धत पडली आहे. ऊसबिल पदरात पडेपर्यंत घरखर्च, पोरांच्या फिया आणि पुढच्या लागणीचे बेणे-खत यांचा भार हाच टोमॅटो ओढतो. म्हणून या अंकात ऊस थोडा बाजूला ठेवून टोमॅटोविषयी चार गोष्टी सांगाव्यात, असे आम्ही ठरविले. त्याला आमची स्वतःची एक चूकही कारण आहे.

गेल्या हंगामात एक वडीलधारे सभासद सकाळीच गट ऑफिसात आले. पाटीत टोमॅटोचे शेंडे होते. म्हणाले, "साहेब, नागअळीनं पाला खाल्ला. तीन फवारे झाले, पण हटंना." आम्हीही पान वरवर पाहिले आणि "होय आबा, नागअळीच आहे," म्हणून मोकळे झालो. आठ दिवसांनी प्लॉटवर गेलो, तर पाने जळाल्यासारखी झालेली आणि फळांना देठाजवळ टाचणीने टोचल्यासारखी भोके! ती नागअळी नव्हती, टुटा होती. आबांनी बोल लावला नाही, एवढेच म्हणाले, "तवाच पान उन्हाकडं धरून बघाय पाहिजे हुतं." त्यांचे खरे होते. रोग एकाकडे आणि औषध दुसऱ्याला, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

ही पाहुणी कोठली?

टुटा ॲब्सोल्युटा हा दक्षिण अमेरिकेतला एक लहानसा पतंग. एडवर्ड मेरिक या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १९१७ साली पेरू देशातील नमुन्यावरून त्याचे वर्णन केले. २००६ साली तो स्पेनमध्ये सापडला आणि तेथून युरोप, आफ्रिका, आखाती देश असे करीत पुढे सरकला. आपल्या देशात त्याची पहिली नोंद २०१४ साली झाली, ती आपल्याच महाराष्ट्रात, पुणे भागातल्या टोमॅटोवर. फळे, क्रेट आणि रोपे यांच्याबरोबर तो गावोगाव फिरतो. जुनी नागअळी मात्र पतंगाची नव्हे, बारीक पिवळ्या-काळ्या माशीची. तीही परदेशीच, १९९० च्या सुमारास आपल्याकडे आली.

ओळखावे कसे?

पहिली खूण पानावरची. नागअळीची रेघ बारीक, पांढरी, सापासारखी नागमोडी जाते. म्हणून तर तिला नागअळी म्हणतात. टुटाची अळी रेघ ओढत बसत नाही. ती पानाच्या दोन पापुद्र्यांमधला हिरवा गर खाऊन वेडावाकडा, पसरट चट्टा पाडते. पान उन्हाकडे धरले की चट्टा कागदासारखा पारदर्शक दिसतो आणि आत काळी विष्ठा व बऱ्याचदा अळीही दिसते.

दुसरी खूण अळीची. बाभळीच्या काट्याने चट्टा उकलावा. आतल्या अळीला डोके नाही, पाय नाहीत आणि ती पिवळसर असेल, तर ती माशीची. स्पष्ट डोके, पाय आणि डोक्यामागे काळी पट्टी असेल, तर ती टुटा. लहानपणी ती मळकट पांढरी असते, पुढे हिरवी-गुलाबी होते आणि सात-आठ मिलिमीटरपर्यंत वाढते.

तिसरी खूण फळाची. नागअळीची माशी फळाच्या वाटेला जात नाही. टुटा देठाजवळून बारीक भोक पाडून आत शिरते. फळ पोखरणाऱ्या मोठ्या अळीचे भोक मोठे, गोल असते आणि ती अर्धी बाहेर राहून खाते, हाही फरक ध्यानात ठेवावा.

पतंग राखाडी, पंखांवर काळे ठिपके असलेला, जेमतेम सहा-सात मिलिमीटरचा. दिवसा पानाआड दडतो, रात्री हिंडतो. एक मादी अडीचशेपर्यंत अंडी घालू शकते. उबदार हवेत सुमारे २४ दिवसांत पिढी पुरी होते. म्हणजे आठ दिवसांची चूक लहान नाही.

काय करावे?

अळी पानाच्या आत असल्याने वरवरचा फवारा तिला लागत नाही, आणि पुष्कळ औषधांना ती दादही देत नाही. २००२ साली उसावर लोकरी मावा आला तेव्हाचा धडा आठवा. दिसेल ते औषध मारले, तर मित्रकीटक आधी मरतात. म्हणून रोपे खात्रीची, स्वच्छ घ्यावीत. लागणीबरोबरच कामगंध सापळे लावावेत. चट्ट्याची पाने व भोकाची फळे तोडून जाळावीत किंवा खोल पुरावीत. बांधावर टाकू नयेत. कामोणीसारखी तणे काढावीत, त्यांवरही ती जगते. टोमॅटोमागे टोमॅटो, वांगी किंवा बटाटा घेऊ नये. औषध मारायचेच तर कृषी विद्यापीठाची शिफारस आणि लेबल पाहूनच मारावे, आणि तेच ते औषध पुन्हा पुन्हा वापरू नये.

उसाला या अळीची भीती नाही, ती ऊस खात नाही. उलट शेवटच्या तोड्यानंतर झाडे उपटून जाळली, रान खोल नांगरले आणि ऊस लावला, तर तिच्या तोंडचा घास आपोआप तुटतो. हाच सल्ला आबांनी मानला. टोमॅटो अर्ध्यावर मोडला, पण वेळेत लागण साधली.

शंका आली तर पाने पाटीत उघडी आणू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीचे तोंड घट्ट बांधून गट ऑफिसला आणा. भिंग आम्ही टेबलावरच ठेवले आहे. आता पान उन्हाकडे धरल्याशिवाय आम्ही कोणालाही उत्तर देत नाही.