ट्रकवर नोकरीसाठी अर्ज करताय? आधी स्वतःचे पोलिस रेकॉर्ड तपासा. ‘दंड भरला, केस संपली’ हा समज पडू शकतो महागात

जुनी दारूबंदीची केस, विसरलेली तारीख, परराज्यातला अपघात... कंपनीच्या पडताळणीत काय निघू शकते आणि ते मोबाइलवर आधीच कसे पाहायचे? जाणून घ्या सविस्तर

वर्धा : नागपूर-हैदराबाद महामार्गावरचा जाम चौक असो, हिंगणघाटला कापसाच्या गाड्यांची लागणारी रांग असो, की जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग. वर्धा जिल्ह्यातल्या अनेक घरांची चूल मालवाहतुकीवर पेटते. पूर्वी ओळखीच्या शेठला लायसन्स दाखवले, एक फेरी मारून दाखवली की गाडीची किल्ली हातात पडायची. आता मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्या, ई-कॉमर्सचा माल वाहणारे कंत्राटदार आणि पेट्रोल-डिझेलच्या टँकरचे मालक कामावर घेताना पोलिस पडताळणीचा कागद मागतात. अनेकांची गाडी इथेच अडते.

समजा, समुद्रपूर तालुक्यातला एक तरुण २०१६ मध्ये बुटीबोरीहून गावी येताना दारूच्या दोन बाटल्यांसह पकडला गेला. जामीन झाला, दोन तारखांना तो कोर्टात गेला, तिसऱ्या तारखेला गाडी घेऊन बाहेरगावी होता. पुढे कोणी बोलावले नाही, म्हणून त्याने केस संपली असे धरले. प्रत्यक्षात कोर्टातली फाइल बंद झालेली नाही आणि तारखेला हजर न राहिल्याने त्याच्या नावाने वॉरंट निघालेले असू शकते. नोकरीच्या पडताळणीत ते पहिल्यांदा समोर आले, तर नोकरीही जाते आणि अटकेची वेळही येऊ शकते. तेच त्याने स्वतः आधी पाहिले असते, तर वकिलामार्फत निस्तरता आले असते.

वर्ध्यात हा प्रश्न जास्त का?

महात्मा गांधींच्या सेवाग्राममुळे ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. शेजारच्या नागपूर, अमरावती, यवतमाळ जिल्ह्यांत ती नाही. सीमेपलीकडे दुकानात उघडपणे मिळणारी बाटली सीमेच्या अलीकडे आली की महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा होतो. गाडीत दारू सापडली तर गाडीही जप्त होते. त्यामुळे चोरी-मारामारीशी काडीचा संबंध नसलेल्या माणसाच्या नावावरही इथे एखादी ‘दारूची केस’ असू शकते. गावात तिला कोणी गंभीर मानत नाही, पण कागदावर तो फौजदारी गुन्हाच असतो.

रेकॉर्ड म्हणजे नेमके काय?

‘नाव रेकॉर्डवर आहे’ असे सरसकट म्हटले जाते. त्यात वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या आधी वेगळ्या करू.

एफआयआर : ही फक्त तक्रारीची नोंद. यात नाव आले म्हणजे कोणी गुन्हेगार ठरत नाही.

समरी : तपासात पुरावा मिळाला नाही तर पोलिस कोर्टात समरी अहवाल देतात. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा मिळाला नाही. ‘ब’ म्हणजे तक्रारच खोटी. ‘क’ म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून झालेली तक्रार. कोर्टाने समरी मंजूर केली की प्रकरण तिथे थांबते.

प्रलंबित खटला : दोषारोपपत्र दाखल झाले, निकाल बाकी आहे. नोकरीच्या दृष्टीने सर्वात अडचणीची अवस्था हीच.

निर्दोष सुटका : कोर्टाने सोडले. निकालाची नक्कल जवळ असेल तर हा कागद तुमच्या बाजूचा.

दोषसिद्धी : कोर्टाने दोषी ठरवले. मग शिक्षा तुरुंगाची असो की काहीशे रुपये दंडाची.

‘दंड भरून सुटलो’, पण कुठे?

सर्वात मोठा गैरसमज इथे आहे. सिग्नल तोडला, हेल्मेट नव्हते, ई-चलान आले आणि ते भरले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० नुसार तो गुन्हा आपसात मिटवल्यासारखा होतो. पुढे खटला चालत नाही. पण कोर्टात न्यायाधीशांसमोर ‘गुन्हा कबूल’ म्हणून दंड भरला, तर ती दोषसिद्धी असते. लवकर मोकळे व्हावे म्हणून अनेक जण हाच मार्ग निवडतात आणि पुढे अर्जातल्या ‘कधी शिक्षा झाली आहे का?’ या प्रश्नापुढे बेधडक ‘नाही’ लिहितात.

दारू पिऊन गाडी चालवल्याचे कलम १८५ तर चलान भरून मिटतच नाही. ते कोर्टातच जाते. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, तर पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ट्रकचालकाच्या नोकरीत कोणत्याही कंपनीच्या डोळ्यात सर्वात आधी भरणारे कलम हेच.

अपघाताचा ‘क्लेम’ मिटला म्हणजे केस मिटली?

नाही. अपघातानंतर दोन स्वतंत्र प्रकरणे सुरू होतात. एक नुकसानभरपाईचे, जे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालते आणि बहुतेक वेळा विमा कंपनी लढते. दुसरे चालकावरचे फौजदारी. विम्याचे पैसे मिळाले, दोन्ही बाजू समजुतीने उठल्या, तरी मृत्यूस कारणीभूत ठरल्याचा खटला समझोत्याने बंद होत नाही. जुन्या भारतीय दंड संहितेत हे कलम ३०४-अ होते आणि शिक्षा २ वर्षांपर्यंत होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १०६(१) झाले आणि शिक्षा ५ वर्षांपर्यंत गेली. अपघात करून पळून जाणाऱ्यांसाठी १० वर्षांपर्यंत शिक्षेचे कलम १०६(२) मात्र लागू केलेले नाही. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला होता, तो याच तरतुदीविरोधात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. अपघाताचा गुन्हा चालकाच्या गावात नाही, तर अपघात जिथे झाला तिथल्या ठाण्यात नोंदवला जातो. हिंगणघाटचा चालक असेल आणि अपघात आदिलाबाद किंवा सिवनीजवळ झाला असेल, तर केस तिथल्या कोर्टात असते. समन्स जुन्या पत्त्यावर जातो, घरी कोणी नसते आणि केस चालकाच्या नकळत पुढे सरकत राहते.

मोबाइलवर कसे तपासाल?

१. ई-कोर्ट्स : ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ हे अॅप किंवा संकेतस्थळ मोफत आहे. राज्य, जिल्हा आणि कोर्ट निवडा. पक्षकाराच्या नावाने शोधताना वर्ष टाकावे लागते, म्हणून एकेक वर्ष मागे जात पाहा. ‘पेंडिंग’ आणि ‘डिस्पोज्ड’ म्हणजे प्रलंबित आणि निकाली, दोन्ही यादी तपासा. एफआयआर क्रमांक माहीत असेल तर ठाणे निवडून त्यानेही शोधता येते.

२. नावाचे स्पेलिंग बदलून पाहा : ‘विठ्ठल’ इंग्रजीत एका ‘टी’नेही लिहितात आणि दोन ‘टी’नेही. आडनाव आधी, नाव नंतर असेही टाकून पाहा. त्याच नावाचा दुसरा माणूस निघू शकतो, म्हणून वडिलांचे नाव, ठाणे आणि गुन्ह्याचे वर्ष जुळवा.

३. फक्त वर्धा पाहून थांबू नका : वर्ध्याबरोबर हिंगणघाट, आर्वीसारखी तालुक्याची कोर्टे पाहा. शिवाय जिथे कधी गाडी अडवली गेली, अपघात झाला किंवा भांडण झाले तो प्रत्येक जिल्हा तपासा.

४. केस सापडली तर १६ अक्षरी सीएनआर क्रमांक लिहून ठेवा : प्रत्येक केसला असा एकच क्रमांक असतो. तो टाकला की पुढची तारीख, आधीच्या तारखांना काय झाले आणि निकाल काय लागला हे दिसते.

५. एफआयआर : सर्वोच्च न्यायालयाच्या ७ सप्टेंबर २०१६ च्या आदेशानुसार, लैंगिक अत्याचार, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणे वगळून एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकणे बंधनकारक आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जिल्हा, ठाणे आणि तारीख टाकून ते पाहता येतात. गुन्हा तपासावर असेल आणि कोर्टात गेला नसेल, तर तो ई-कोर्ट्सच्या यादीत सापडेलच असे नाही. म्हणून दोन्हीकडे पाहावे.

६. लायसन्स आणि चलान : परिवहनच्या ‘सारथी’ सेवेवर लायसन्स चालू आहे की निलंबित, हे दिसते. थकलेली ई-चलानही पाहून घ्या. मालवाहू वाहनाचे लायसन्स ५ वर्षांसाठी असते, धोकादायक माल वाहण्याची परवानगी ३ वर्षांसाठी. वाहनाचा वापर दखलपात्र गुन्ह्यात झाला असेल तर कलम १९ खाली लायसन्स निलंबित होऊ शकते. पण त्याआधी चालकाचे म्हणणे ऐकावे लागते आणि आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते.

खूप जुनी प्रकरणे संगणकावर नसतात. अशी शंका असेल तर त्या कोर्टाच्या कार्यालयात किंवा ठाण्यात जाऊन विचारणे हाच मार्ग.

पोलिसांचा अधिकृत कागद कुठे मिळतो?

मोबाइलवरची तपासणी स्वतःच्या माहितीसाठी. कंपनीला लागते ते पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि शक्यतो कंपनीचे पत्र जोडावे लागते. अर्ज पोलिस अधीक्षक कार्यालयामार्फत राहत्या भागातल्या ठाण्यात जातो आणि तिथल्या अहवालावर प्रमाणपत्र मिळते. आखाती देशात चालक म्हणून जायचे असेल तर हा कागद चालत नाही. तिथे पासपोर्ट सेवेतून पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट घ्यावे लागते, त्याचे शुल्क ५०० रुपये आहे.

‘दोन दिवसांत कोरे सर्टिफिकेट काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटच्या नादी लागू नये. बनावट प्रमाणपत्र जोडले तर दारूच्या दोन बाटल्यांच्या केसवर फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाचा नवा गुन्हा चढतो.

केस निघाली, आता काय?

आधी वॉरंट आहे का ते पाहा. असेल तर वकिलामार्फत स्वतः कोर्टात हजर होऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज करा. स्वतःहून आलेला माणूस आणि पकडून आणलेला माणूस यात कोर्ट फरक करते. केस निकाली असेल तर निकालाची प्रमाणित नक्कल काढा. निर्दोष सुटूनही पोलिसांच्या नोंदीत केस प्रलंबित दिसत असेल, तर हीच नक्कल जोडून पोलिस अधीक्षक कार्यालयाकडे नोंद दुरुस्त करण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारे इतर यांना वकील मोफत मिळतो. विधी सेवेचा हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर कोर्टाने परिवीक्षा कायदा, १९५८ खाली सोडले असेल, तर कलम १२ नुसार त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. १८ वर्षांखाली असताना झालेल्या प्रकरणातही बाल न्याय कायदा, २०१५ चे कलम २४ असेच संरक्षण देते. अपवाद फक्त १६ वर्षांवरील मुलावर घोर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चालला असेल तर. मात्र ठरावीक वर्षांनी जुने रेकॉर्ड आपोआप पुसले जाईल, असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही.

सांगायचे की लपवायचे?

मालवाहू ट्रक चालवायला निष्कलंक रेकॉर्डच हवे, असे मोटार वाहन कायदा म्हणत नाही. खासगी कंपनीत निर्णय मालकाचा असतो. एसटीसारख्या सार्वजनिक नोकरीत मात्र सर्वोच्च न्यायालयाचा २१ जुलै २०१६ चा अवतार सिंग निकाल महत्त्वाचा. उमेदवाराने दिलेली माहिती खरी हवी, क्षुल्लक प्रकरणाकडे नोकरी देणारा दुर्लक्ष करू शकतो आणि खरे सांगितले तरी योग्यता तपासण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो, असे या निकालात म्हटले आहे. माहिती लपवली की नाही हे ठरवण्यासाठी अर्जातला प्रश्न नेमका असायला हवा, हेही त्यात स्पष्ट केले आहे.

म्हणून अर्जातला प्रश्न नीट वाचा. ‘शिक्षा झाली आहे का?’ आणि ‘गुन्हा दाखल आहे का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जे विचारले त्याचे खरे उत्तर द्या आणि सोबत कागद जोडा. जुनी केस सांगितली तर कदाचित एक कंपनी नाकारेल. लपवली आणि सहा महिन्यांनी निघाली, तर नोकरी जातेच, शिवाय ट्रान्सपोर्टच्या धंद्यात नाव खराब होते ते वेगळे.

थोडक्यात, अर्जाआधीची यादी

• ई-कोर्ट्सवर वर्धा आणि गाडी जिथे अडली ते सर्व जिल्हे, प्रलंबित व निकाली दोन्ही

• पोलिसांच्या पोर्टलवर एफआयआर

• ‘सारथी’वर लायसन्स, थकलेली चलान

• वॉरंट असल्यास आधी कोर्ट, मग नोकरी

• निकालाची नक्कल घरात एक, मोबाइलमध्ये एक

• त्यानंतरच पोलिस प्रमाणपत्राचा अर्ज

गाडी लांबच्या फेरीला काढण्याआधी चालक हवा, तेल, ब्रेक तपासतो. नोकरीच्या अर्जाआधी स्वतःच्या नावाचीही एकदा तशीच तपासणी करावी. त्याला एक संध्याकाळ आणि मोबाइलचा थोडा डेटा पुरतो.